आर्मा ३: आरएचएस की सीयूपी, एसीई लावावं का, आणि सात जणांनी नेमकं काय उतरवावं

एका धाकट्या मित्राचा प्रश्न आहे, थोडक्यात असा: "दादा, आम्ही नागपूरचे सात जण. पाच मानेवाडा-त्रिमूर्तीनगरचे, दोघं वर्धा रोडकडचे. सेलमध्ये सगळ्यांनी आर्मा ३ हा लष्करी गेम घेतला, पण २०३५ सालातल्या त्या काल्पनिक फौजा आणि बंदुका काही रुचल्या नाहीत. स्टीमचं वर्कशॉप उघडलं तर मॉडचा, म्हणजे चाहत्यांनी बनवलेल्या जोडभागांचा, नुसता पूर. आरएचएस चांगलं की सीयूपी? एसीई लावायचं का? रेडिओसाठी टीएफएआर की एकर? तिघांचे पीसी साधे आहेत, एकाकडे जुना लॅपटॉप. आणि एक जण सारखा म्हणतो, सोडा बे हे सगळं, प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी फुकट आहे, तेच खेळू."

आधी उत्तर सांगून टाकतो. सीबीए (बाकीच्या मॉडना लागणारा पाया), एसीई, आरएचएस, टास्क फोर्स रेडिओ म्हणजेच टीएफएआर, आणि लॅम्ब्स (संगणकाच्या शत्रूचं डोकं सुधारणारा). नकाशा माल्डेन, मिशन अँटिस्टासी. पहिले दोन-तीन महिने यापलीकडे एकही मॉड नको. लॅपटॉपवाल्याचं काय करायचं ते खाली येईल. प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटीवाला मित्र चूक नाही, फक्त तो वेगळ्याच खेळाबद्दल बोलतोय.

आता कारणं. मॉडची तुलना म्हटली की लोक याद्या काढून बसतात: याच्यात इतक्या रायफली, त्याच्यात तितकी हेलिकॉप्टरं. मी शनिवार रात्रीचा ग्रुप चालवतो, मिशनं मीच बनवतो, सर्व्हरही मीच सांभाळतो, आणि इतक्या दिवसांत माझं मोजमाप एकच उरलंय. तुमच्यातल्या एकाला गोळी लागली की बाकीच्या सहा जणांना काय करावं लागतं? ज्या मॉडमुळे या प्रश्नाचं उत्तर बदलतं तो मोठा मॉड. ज्याने फक्त बंदुकीचं रूप बदलतं ती सजावट, मग तो कितीही जीबीचा असो.

या हिशेबाने एसीई पहिल्या नंबरला येतं, तू ते दुसऱ्या नंबरला विचारलंस तरी. अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्बॅट एन्व्हायर्नमेंट हे त्याचं पूर्ण नाव. आर्मा २ साठी एसीई २ होतं. आर्मा ३ आल्यावर एजीएम आणि सीएसई असे दोन वेगळे मॉड उभे राहिले, आणि मग या तिन्हीकडची मंडळी एकत्र येऊन २०१५ मध्ये एसीई ३ निघालं. वेगवेगळ्या गटांनी आपापलं दुकान बंद करून एकच मॉड चालवायचा, हे या जगात फार क्वचित घडतं. म्हणूनच आज बहुतेक मोठे मॉड एसीईशी जुळवून घेतात.

माल्डेनच्या उतारावर पहिल्याच चकमकीत एकाच्या मांडीला गोळी लागली असं धर. मूळ गेममध्ये तो फर्स्ट एड किट वापरतो, काही सेकंद थांबतो आणि चालू पडतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. एसीईमध्ये पहिलं काम रक्त थांबवण्याचं. पायाला टूर्निके (रक्त अडवायचा पट्टा) आवळला की रक्त लगेच थांबतं, पण तो तसाच फार वेळ ठेवला तर दुखणं वाढत जातं. मग बँडेज. त्याचे प्रकार आहेत. काही जखमांना काही बँडेज चांगलं बसतं, काहींची जखम थोड्या वेळाने पुन्हा उघडते. रक्त बरंच गेलं असेल तर सलाइन किंवा रक्ताची पिशवी लावायची. इथे नवख्यांची हमखास फजिती होते: ज्या पायाला टूर्निके आवळलाय त्याच पायाला सलाइन लावतात आणि बघत बसतात. ते शरीरात जातच नाही. मोकळ्या हाताला लाव, नाहीतर आधी टूर्निके सोड. दुखतंय म्हणून मॉर्फिन दिलं तर नाडी आणि रक्तदाब दोन्ही खाली येतात. आधीच रक्त गेलेल्याला पाठोपाठ दोनदा दिलं की तो तुमच्या हातातच जातो. आणि टूर्निके आवळलेल्या पायात टोचलेलं औषध तिथेच अडकून राहतं, टूर्निके सोडला की मग अंगात जातं. घाईत दोनदा टोचलेलं मॉर्फिन असं एकदम उतरताना मी चांगल्या-चांगल्या डॉक्टरांना गोंधळलेलं पाहिलंय.

या सगळ्यात एक-दोन मिनिटं जातात. तेवढा वेळ कोणीतरी धुराचा गोळा फेकायचा, कोणीतरी मशीनगनने समोरच्यांची डोकी खाली ठेवायची, कोणीतरी जखमीला ओढत दगडामागे आणायचं. म्हणजे एका गोळीने चार जणांना काम लागलं. एसीई कठीण असल्याची ओरड तू ऐकशील; मला ते नुसतं सावकाश वाटतं, आणि त्या सावकाशीमुळेच सात जणांना सात कामं मिळतात. नाहीतर सात जण सात दिशांना पळतात आणि एकटा शेवटी जिंकून येतो, तसला खेळ कुठेही मिळेल.

पण एसीई जसंच्या तसं लावू नकोस. सीबीएच्या सेटिंगच्या पानावर जा आणि सुरुवातीला चार गोष्टी बदल. रक्तस्रावाचा वेग कमी कर. बेशुद्ध माणूस आपोआप शुद्धीवर येण्याची सोय चालू ठेव, नाहीतर डॉक्टरच पडला तर सगळे काळ्या पडद्याकडे बघत बसतात. वारा, हवेचा दाब, तापमान यांचा हिशेब करणारी अ‍ॅडव्हान्स्ड बॅलिस्टिक्स बंद ठेव. तुमच्यातल्या कोणाला स्नायपरचं वेड लागलं तर चालू कर, मग तो रेंज कार्ड आणि केस्ट्रल (वारा मोजायचं यंत्र) घेऊन खुशाल बसो. सलाइन सगळ्यांना लावता येऊ दे. महिनाभरात यातलं एकेक पूर्ववत करत जा. एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून चालू हवी: रॉकेट लाँचरचा मागचा झोत. लाँचरमागे उभा राहिलेला मित्र एकदा आडवा झाला की "माझ्यामागून हटा" असं ओरडायची सवय आपोआप लागते.

एसीईवर आणखी एक थर आहे, केएटी नावाचा, ज्यात श्वासनलिका, फुप्फुस, ऑक्सिजन असं सगळं येतं. तुमच्यात कोणी मेडिकलला असेल आणि कॉलेज सुटल्यावरही तेच करायचं असेल तर बघा. बाकीच्यांनी नको.

आता आरएचएस आणि सीयूपी. या दोघांत भांडण लावलं जातं, पण दोघांची जन्मकथाच वेगळी आहे. सीयूपी म्हणजे कम्युनिटी अपग्रेड प्रोजेक्ट. आर्मा बनवणाऱ्या बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्हने आपल्या जुन्या गेमांमधलं साहित्य चाहत्यांना वापरायला खुलं केलं, आणि या मंडळींनी आर्मा २ मधले सैनिक, गाड्या, शस्त्रं, नकाशे आर्मा ३ मध्ये आणून त्यात भर घातली. त्यामुळे सीयूपी म्हणजे मोठं कोठार. अमेरिकी, ब्रिटिश, चेक, जर्मन, रशियन, ताकिस्तानी, चेर्नारसचे बंडखोर (हे दोन आर्मातले काल्पनिक देश), काय हवं ते आहे. पण एखादी वस्तू झकास आणि शेजारची जुनाट, असं होतं.

आरएचएस म्हणजे रेड हॅमर स्टुडिओज. यांचा पसारा त्या मानाने आखीव आहे: रशियन फौजा, अमेरिकी फौजा, अनियमित लढवय्ये आणि सर्बियन फौजा, असे चार भाग. जे आहे ते मात्र खोलवर केलेलं. उदाहरण एकच देतो. आरपीजी-७ हा रॉकेट लाँचर घेतलास की त्याचे वेगवेगळे गोळे मिळतात. साधा पीजी-७व्हीएल गोळा चिलखतावर स्फोटक विटा लावलेल्या टी-७२ रणगाड्यावर पुढून मारलास तर वीट फुटते आणि रणगाडा तसाच पुढे येतो. दोन टप्प्यांत फुटणारा पीजी-७व्हीआर मारलास तर पहिल्या टप्प्यात वीट जाते, दुसऱ्याने चिलखत. तो गोळा जड, म्हणून एक माणूस फार नेऊ शकत नाही. मग कोणी कोणता गोळा उचलायचा, रणगाड्याच्या बाजूला कोणी वळसा घालायचा, हे निघायच्या आधी ठरवावं लागतं. बघ, पुन्हा तोच मुद्दा आला: मॉडने तुम्हाला एकमेकांशी बोलायला लावलं.

दोन्ही एकत्र लावले तर? गेम चालतो, कोणी अडवत नाही. पण आरएचएसमध्ये चिलखत आणि त्याला भेदणारा दारूगोळा यांचा हिशेब एकमेकांशी जुळवलेला आहे. सीयूपीचा स्वतःचा वेगळा. एकाचा लाँचर दुसऱ्याच्या रणगाड्यावर चालवला की कधी एकाच गोळ्यात भडका, तर कधी तीन गोळ्यांत ओरखडाही नाही. बॉडी आर्मर आणि रायफलींचंही थोडंफार तसंच. म्हणून माझ्या सर्व्हरवर नियम साधा आहे: फौजा एकाच घरच्या. सीयूपी घ्यायचंच असेल तर त्यातले फक्त नकाशांचे दोन भाग घे, सीयूपी टेरेन्स कोअर आणि टेरेन्स मॅप्स. ते बाकीच्या सीयूपीशिवाय चालतात आणि चेर्नारस, ताकिस्तान, झारगाबाद हाती येतात. आरएचएसच्या फौजा ताकिस्तानच्या डोंगरात, हे जोडकाम मला आजही सगळ्यात आवडतं.

आरएचएसकडे झुकायचं आपल्याकडचं खास कारणही आहे. तुला भारतीय फौज खेळवायची इच्छा होणारच, सगळ्यांना होते. आपल्या लष्कराकडे टी-७२, टी-९० आणि बीएमपी-२ (पायदळ नेणारी चिलखती गाडी) आहेत, आणि ही तिन्ही वाहनं आरएचएसच्या रशियन भागात मिळतात. आपल्या शेजारी कामठीला ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे. ती रेजिमेंट मेकॅनाइज्ड इन्फंट्रीची, म्हणजे बीएमपीतून उतरून लढणारी. मी एकदा तसाच सराव मिशनमध्ये बसवला: दोन बीएमपी, प्रत्येकीत पायदळाची तुकडी, गावाच्या अलीकडे उतरायचं आणि वाहनांनी मागून आधार द्यायचा. आरएचएसमध्ये बीएमपीच्या गनरला आणि कमांडरला खरंच वेगवेगळं बघायला आणि करायला मिळतं, त्यामुळे दोन माणसं गाडीतच गुंततात आणि पायदळ कमी पडतं. मिशन बनवताना हे लक्षात ठेव. वर्कशॉपवर भारतीय गणवेश आणि इन्सास रायफल देणारे छोटे मॉडही दिसतील. घेण्याआधी दोन गोष्टी बघ: शेवटचा अपडेट कधीचा, आणि तो आणखी कोणकोणते मॉड मागतो. एका टोपीसाठी बारा जीबी उतरवायला लावणारे मॉड असतात, बाप्पा.

नकाशाबद्दल. आर्मा ३ चा मुख्य नकाशा अल्टिस, सुमारे २७० चौरस किलोमीटर, ग्रीसच्या लेमनोस बेटावर बेतलेला. त्याच बेटावर फोटो काढत असताना बोहेमियाच्या दोन कर्मचाऱ्यांना २०१२ मध्ये हेरगिरीच्या संशयावरून अटक झाली आणि जानेवारी २०१३ मध्ये ते जामिनावर सुटले. गेममधल्या बेटाचं नावही त्यानंतर बदललं. नकाशा सुंदर आहे, पण कावाला शहरात शिरलात की साध्या पीसीची दमछाक होते. माल्डेन त्याच्यापेक्षा बरंच लहान, साधारण ६२ चौरस किलोमीटर. २०१७ मध्ये फुकट दिलेलं, त्यामुळे पैशांचं भांडण नाही. सात जणांना अल्टिस रिकामं वाटतं. माल्डेनवर एका टोकाची लढाई दुसऱ्या टोकाला ऐकू येते.

रेडिओ. टीएफएआर आणि एकर २ दोन्ही टीमस्पीक या आवाजी गप्पांच्या प्रोग्रामच्या प्लगइनवर चालतात आणि दोघांचं मूळ काम सारखंच: जवळचा माणूस जवळून ऐकू येतो, लांबचा फक्त रेडिओवर. फरक शिस्तीचा. टीएफएआरमध्ये फ्रिक्वेन्सी जुळवली, कॅप्स लॉक दाबला, बोलला, झालं. एकरमध्ये प्रत्येक रेडिओ वेगळा वागतो. छोटा पीआरसी-३४३ तुकडीतल्या तुकडीत, थोडक्या अंतराचा. लांबच्यासाठी १४८, १५२, आणि पाठीवरचा ११७एफ. शिवाय मध्ये टेकडी आली की आवाज खरखरतो. वेगवेगळ्या भाषांची सोयही आहे, म्हणजे शत्रूपक्षाच्या खेळाडूचं बोलणं तुम्हाला अगम्य ऐकू येईल. तीन-चार तुकड्या असल्या की एकरची मजा. सात जणांना टेकडीमागून खरखर ऐकून फक्त चिडचिड होते. टीएफएआर घ्या.

एक नागपुरी भानगड मात्र आधीच सांगतो. रेडिओसाठी बटण दाबावं लागतं, पण समोरासमोरच्या बोलण्यासाठी बहुतेक जण टीमस्पीकमध्ये आवाजावर माइक सुरू होण्याची सोय ठेवतात. एप्रिल ते जून आपल्याकडे प्रत्येक खोलीत डेझर्ट कूलर घरघरत असतो. माइकला वाटतं माणूस बोलतोय. मग गेममध्ये तुझ्याभोवतीच्या प्रत्येकाच्या कानात कूलर. एकरमध्ये तर खेळाडूंचं बोलणं शत्रूच्या बॉटला, म्हणजे संगणक चालवतो त्या सैनिकाला, ऐकू जाण्याची सोय आहे. ती चालू असली तर झुडपात दबा धरून बसलेली अख्खी तुकडी एका कूलरपायी उघडी पडते. उपाय सोपा: टीमस्पीकमध्येही बोलण्यासाठी बटण ठेवा, किंवा माइक सुरू होण्याची पातळी कूलर चालू असताना जुळवा. सकाळी शांततेत जुळवलेली पातळी रात्री कामाची नाही.

शत्रूचं डोकं सुधारणाऱ्या मॉडमध्ये लॅम्ब्स आणि व्हीकॉम ही दोन नावं ऐकशील. व्हीकॉमचे बॉट एकमेकांना मदतीला बोलावण्यात, वळसा घालून येण्यात वाकबगार आहेत, कधीकधी इतके की अर्ध्या नकाशाची फौज तुमच्या अंगावर येते. लॅम्ब्समध्ये ते आडोसा धरतात, घरांत शिरतात, दबून राहतात. गोळीबार झाला की आधी घाबरतात, मग विचार करतात. मला लॅम्ब्स जास्त माणसासारखं वाटतं. दोन्ही एकत्र कधीच लावू नकोस. दोघंही बॉटच्या त्याच यंत्रणेत हात घालतात.

मिशनचा मुद्दा तू विचारला नाहीस, पण मॉडपेक्षा त्याने जास्त फरक पडतो. अँटिस्टासीत तुम्ही बंडखोर. हातात मोजकी गावठी हत्यारं, बाकी सगळं शत्रूकडून हिसकायचं. एकाच प्रकारची हत्यारं ठराविक संख्येने कोठारात जमली की ती कायमची मोकळी होतात. म्हणजे चकमक जिंकल्यावर पाच मिनिटं सगळे मेलेल्यांच्या रायफली गोळा करून ट्रकमध्ये भरत असतात, आणि तेवढ्यात शत्रूचं हेलिकॉप्टर येतं. तळावर पेट्रोस नावाचा एक माणूस असतो, त्याला जपायचं; तो मेला की तळ गेला. डाव साठवता येतो, त्यामुळे मिहानमध्ये रात्रीची शिफ्ट असलेला मित्र पुढच्या आठवड्यात आला तरी अडत नाही. आरएचएसच्या फौजा निवडायची सोय आतच आहे. लिबरेशनमध्ये उलट: तुमच्याकडे नियमित सैन्य, साधनसामग्री, इंधन, दारूगोळ्याचा हिशेब, एकेक ठाणं घेत जायचं. ते लांबलचक आहे आणि त्यात दोन जण कायम ट्रक चालवतात. तुमच्यात ट्रक चालवायला आवडणारे दोघं असतील तर बघा. मनाला आलं तर एक जण झ्यूस होऊन वरून बॉट टाकत मिशन चालवू शकतो. ती सोय गेममध्येच आहे आणि वाढदिवसाच्या रात्रीसाठी छान.

आवाज आणि स्फोट सुधारणारे मॉड, जेएसआरएस, ब्लास्टकोर वगैरे, ज्याला हवे त्याने आपल्यापुरते बघावेत, सर्व्हरच्या यादीत नकोत. एक विनंती मात्र: क्लिप टाकलीत तर गेमचं नाव ठळक लिहा. सप्टेंबर २०२१ मध्ये आर्मा ३ चं चित्रण अफगाणिस्तानातल्या पंजशीरमधला हवाई हल्ला म्हणून आपल्याकडच्या वाहिन्यांनी दाखवलं होतं. २०२२ मध्ये बोहेमियालाच निवेदन काढून सांगावं लागलं की आमचा गेम युद्धाच्या खोट्या बातम्यांसाठी वापरू नका. त्यात मॉडचा वाटा मोठा आहे, कारण खऱ्या रणगाड्यांची हुबेहूब रूपं मॉडमुळेच येतात.

आता यंत्रं. आर्मा ३ एका वेळी बराचसा भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर टाकतो. म्हणून महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊनही फ्रेम्स (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाहीत आणि लोक मॉडला शिव्या देतात. साध्या पीसीवर आधी दृश्य अंतर कमी कर. पायदळाच्या मिशनला दीड-दोन हजार मीटर पुष्कळ. गेम एसएसडीवर ठेव, हार्ड डिस्कवरून आरएचएसची वाहनं समोर येताना गेम अडखळतो. आणि बॉट मोजून टाक. प्रत्येक बॉटचं डोकं कोणत्या ना कोणत्या यंत्रावर चालत असतं. सात जणांतला एक जण होस्ट असेल तर ते सगळं ओझं त्याच्यावर. साठ-सत्तरच्या वर गेलात की होस्टच्या फ्रेम्स पडतात आणि सगळ्यांचे शत्रू जागच्या जागी चालायला लागतात. अँटिस्टासीत ही मर्यादा सेटिंगमध्ये खाली आणता येते.

नवतपात, पारा पंचेचाळीसच्या वर असताना, दुपारी खेळूच नका. कूलरची ओली हवा आणि धूळ कॅबिनेटच्या जाळीत जाऊन चिकट थर बसतो, प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि हिवाळ्यात नीट चालणारं मिशन मेमध्ये रडतं. जाळी दर पंधरवड्याला धुवा. होस्टच्या पीसीला आणि राउटरला यूपीएस हवाच; लाईन गेली की अँटिस्टासीचा शेवटच्या सेव्हनंतरचा सगळा डाव जातो, आणि सहा जण एकाला फोन करतात.

होस्टिंगची दुसरी अडचण इंटरनेटची. आर्मा ३ ला यूडीपीचे २३०२ ते २३०६ हे पोर्ट उघडे लागतात. घरगुती ब्रॉडबँडवर बऱ्याचदा एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांना वाटून दिलेला असतो. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडलेस तरी बाहेरून कोणी आत येत नाही. आपल्या केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी मिळतो का विचार, महिन्याला थोडे पैसे लागतात. नाहीतर सातही जणांनी एकच व्हीपीएन-जाळं लावा. किंवा वर्गणी काढून मुंबईतला सर्व्हर भाड्याने घ्या. नागपूरहून पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) उत्तम येतं, आणि कोणाच्या घरची लाईन गेली तरी डाव चालू राहतो.

आता प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटी. बॅटलफील्ड २ हा २००५ चा गेम, आणि त्याच वर्षी त्यावर हा मॉड सुरू झाला. २०१५ पासून तो मूळ गेमशिवाय, फुकट, स्वतंत्र चालतो. तुझ्या लॅपटॉपवाल्या मित्राकडेही तो पळेल, एवढं जुनं इंजिन आहे. एका सर्व्हरवर शंभरपर्यंत खेळाडू, आवाजासाठी मंबल आतच जोडलेलं, प्रत्येक तुकडीला नेता, रॅली पॉइंट (मेल्यावर पुन्हा उतरायची जागा), तळ उभारणी. रायफल रोखल्यावर काही सेकंद श्वास स्थिर होऊ द्यावा लागतो, पळता-पळता मारलेली गोळी कुठेही जाते. माझ्या मोजमापाने बघ: इथे गोळी लागली तर तू जमिनीवर पडून डॉक्टरची वाट बघतोस, आणि तो डॉक्टर कदाचित पोलंडचा किंवा ब्राझीलचा अनोळखी माणूस असतो. एसीईतला बारीकपणा नाही, पण वर अख्खी फौज आहे. स्क्वाड हा गेम याच मॉडमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी उभा केला, यावरून त्याचं वजन कळावं.

अडचण वेळेची. भरलेले सर्व्हर बहुतेक युरोपच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे रात्री अकरा-साडेअकरानंतर. पिंगही दीडशेच्या पुढे जातं. ज्याला सकाळी सातला कामावर निघायचंय त्याने रोज हे करू नये. पण बॉटविरुद्ध खेळायची सोयही त्यात आहे, आणि सात जण एका तुकडीत जाऊन ते छान खेळू शकता. म्हणून लॅपटॉपवाल्याला आर्मात ओढूच नका. महिन्यातला एक शनिवार त्याच्यासाठी प्रोजेक्ट रिअ‍ॅलिटीचा ठेवा. बाकीच्या शनिवारी तो कोणाच्या तरी घरी जाऊन दुसऱ्या पीसीवर बसेल, नाहीतर माल्डेनवर दृश्य अंतर हजारावर आणून बघा, कदाचित निभेल.

इन्सर्जन्सी सँडस्टॉर्म या गेमचाही विचार कोणी काढेल. आयएसएमसी मॉड लावून सात-आठ जणांनी मिळून बॉटविरुद्ध खेळायचा को-ऑप झटपट आणि रंगतदार होतो. अर्धा तासच हाताशी असेल त्या दिवशी ते. आर्मा रिफोर्जर या नव्या आर्मात वर्कशॉप गेमच्या आतच आहे आणि आरएचएसची मंडळी तिथेही पोचलीत, पण आत्ताच सातही जणांनी दुसरा गेम विकत घ्यावा असं मी म्हणणार नाही. आर्मा ३ मध्ये तुमची दोन वर्षं सहज जातील.

शेवटी लावायची पद्धत. एकाच माणसाने, म्हणजे तूच, गेम सुरू करायच्या लाँचरमध्ये वरचे मॉड निवडून प्रीसेट (मॉडची यादी) बनवायचा आणि फाइल म्हणून काढायचा. ती एचटीएमएल फाइल असते. व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, बाकीच्यांनी आपापल्या लाँचरमध्ये आणायची. नावं टाइप करून शोधायला सांगू नकोस, एकसारख्या नावाचे जुने मॉड पन्नास सापडतात आणि कोणीतरी चुकीचा उचलतोच. टीएफएआरचा टीमस्पीक प्लगइन वेगळा बसवावा लागतो, सर्वाधिक घोळ तिथेच होतो, म्हणून पहिल्या दिवशी फक्त तेवढंच करा आणि कोऱ्या नकाशावर उभं राहून एकमेकांचा आवाज ऐका. सर्व्हर भाड्याचा असेल तर प्रत्येक मॉडची बीकी फाइल (मॉड खरा असल्याची किल्ली) सर्व्हरच्या कीज फोल्डरमध्ये टाकायची, नाहीतर आत येताच बाहेर फेकले जाल. वर्कशॉपचे मॉड आपोआप अपडेट होतात, सर्व्हरवरचे होत नाहीत. शुक्रवारी आरएचएसचा अपडेट आला तर शनिवारी रात्री एकही जण आत शिरू शकणार नाही. म्हणून शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला सर्व्हर अपडेट करून स्वतः एकदा आत जाऊन ये, आणि मगच ग्रुपवर वेळ टाक.